छत्तिसाव्या अंकातली पत्रं

दर गुरुवारी दुपारी चार वाजता लॉइड टिबेट्स माझ्या घराच्या मागच्या दाराने यायचा, तळघराच्या वरच्या पायरीवर बूट काढायचा आणि न चुकता एकच वाक्य म्हणायचा, "काय संपादक महाशय, टपाल आलंय का?" पाच वर्षं तेच वाक्य. मला त्याचा वैताग यायचा, आणि एखाद्या गुरुवारी तो ते म्हणाला नाही की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

आमच्या कार्यक्रमाचं नाव 'बारा सेंट'. साठच्या दशकात सुपरहिरोंची कॉमिक्स बारा सेंटांना मिळायची, म्हणून. एकेक जुना अंक घ्यायचा, पानापानावर भांडायचं, ते रेकॉर्ड करायचं आणि इंटरनेटवर सोडून द्यायचं. पॉडकास्ट म्हणतात त्याला. ऐकणारे दोनशे अकरा. लॉइडच्या मते त्यातले दोनशे आमच्या चुका काढायला ऐकायचे आणि उरलेल्या अकरांना झोप लागत नव्हती.

मी एमरी कोचिश. टोलेडोच्या पूर्व भागात, कॉन्सॉल स्ट्रीटवर राहतो. चौतीस वर्षं काचेच्या कारखान्यात तपासनीस होतो. दिव्यासमोरून काच सरकत जायची आणि तिच्यातला बुडबुडा, रेघ, खडा मी हेरायचो. दिसलं तर दिसलं म्हणायचं, नाही तर नाही. बाकी गप्पा नकोत, असा माझा स्वभाव त्या कामाने केला. म्हणून जे घडलं ते घडलं त्याच क्रमाने सांगतो. त्याचा अर्थ मला विचारू नका.

तळघराच्या भिंतींवर आवाज घुमू नये म्हणून आम्ही जुन्या रजया टांगल्या होत्या. छताला लागून काचेच्या ठोकळ्यांच्या दोन खिडक्या होत्या, त्यातून मार्चमधला मळकट बर्फ दिसायचा. एका भिंतीला पुठ्ठ्याची लांब खोकी, त्यात प्लास्टिकच्या पिशव्यांत घातलेली चार हजार कॉमिक्स. एखादी पिशवी उघडली की जुन्या कागदाचा गोडसर, आंबूस वास यायचा. कोपऱ्यात पाणी उपसायचा पंप होता आणि तो नेमका आम्ही बोलायला लागलो की घरघरायचा.

त्या हिवाळ्यात आम्ही 'बेलरिंगर' घेतला होता. दिवसा चर्चची घड्याळं दुरुस्त करणारा, रात्री झगा चढवून घंटेच्या नादाने भिंती फोडणारा. कुठल्याशा फुटकळ कंपनीने काढला आणि छत्तीस अंकांत गुंडाळला. जगाने त्याला विसरून पन्नास वर्षं झाली होती. आम्हा दोघांना मात्र तो जीव की प्राण.

त्या काळी प्रत्येक अंकाच्या शेवटी वाचकांच्या पत्रांचं एक पान असे. पत्राखाली लिहिणाऱ्याचं नाव, घर नंबर, गल्ली, गाव, झिप कोड, सगळं छापत. पोरं त्यावरून एकमेकांना पत्रं लिहीत. आमच्या कार्यक्रमाचा शेवटही त्याच पानाने व्हायचा. लॉइड एक पत्र मोठ्याने वाचायचा आणि मी त्या काळच्या संपादकाच्या तोऱ्यात उत्तर द्यायचो. पत्र वाचल्याशिवाय अंक संपला असं आम्ही कधी म्हटलं नाही. हा नियम लॉइडचा. एकतीस वर्षं पोस्टमन होता तो. पत्ता वाचताना त्याचा आवाज इतका गंभीर व्हायचा की वाटे, हा आता उठून ते पत्र पोचवून येणार.

एकतिसाव्या अंकातलं पत्र आयडाहोतल्या बॉयझी गावच्या एका मुलाचं होतं. दुसऱ्या पानावर बेलरिंगरचा हातोडा उजव्या हातात आहे आणि तिसऱ्यावर डाव्या, हे कसं, अशी नेहमीची तक्रार. शेवटी लिहिलं होतं, 'मागचा अंक आमच्या बिस्किट नावाच्या कुत्र्याने खाल्ला. फक्त पिना उरल्या.'

लॉइड हसत सुटला. "अरे, माझ्याही कुत्र्याचं नाव बिस्किटच होतं! त्यानेही कॉमिक खाल्लं होतं, पिना ठेवून! आईने मलाच झोडपलं!"

पुढच्या गुरुवारी मी सहज म्हणालो, "बिस्किटची गोष्ट लोकांना आवडली बरं का. तिघांनी लिहिलंय."

"कोण बिस्किट?"

"तुझा कुत्रा."

"माझ्याकडे कुत्रा कधी होता? म्हातारा झालास एमरी. आईला कुत्र्यांची शिसारी होती."

मी त्याला रेकॉर्डिंग ऐकवलं. स्वतःचं हसणं त्याने कान देऊन ऐकलं, मग खांदे उडवले. "थापा मारल्या असतील. कार्यक्रमात रंग भरायला." एकाहत्तर वर्षांच्या माणसाचं काय मनावर घ्यायचं, म्हणून मी विषय सोडला.

तेहेतिसाव्या अंकात जॉर्जियातल्या मेकनचा कुणी वाचक रंगांबद्दल कुरकुरत होता. पत्रात मध्येच एक वाक्य होतं: 'मी रोज दोनशे चौदा घरं चालतो, पिवळ्या दारापाशी कुंपणाची फळी सरकवली की चर्चमागच्या गल्लीत निघता येतं.' लॉइडने ते वाचलं आणि क्षणभर अडखळला. पिवळं दार आणि ती फळी मलाही ठाऊक होती. लॉइडची टपालाची वाट तीच होती, नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्याने मला ती हौसेने चालवून दाखवली होती.

रविवारी त्याची मुलगी जोलीन हिचा कोलंबसहून फोन आला. आवाज दबलेला.

"एमरीकाका, बाबा काल हरवले होते. घरापासून तीन गल्ल्या लांब. त्यांच्याच टपालाच्या वाटेवर. एका बाईने हाताला धरून घरी आणलं. तुम्हाला काही जाणवतंय का?"

"थोडं विसरतो. आपण सगळेच विसरतो, पोरी."

"मी पुढच्या महिन्यात सोमवारची वेळ घेतलीय डॉक्टरांकडे. काही निघालं तर मी त्यांना इकडेच आणीन. एकटं कसं ठेवू?"

कोलंबस म्हणजे लॉइडच्या दृष्टीने काळं पाणीच. इथे त्याचं घर होतं, त्याच्या बायकोची, आर्डिसची कबर होती आणि आमचा गुरुवार होता. कुठून तरी मला तेव्हाच वाटलं, की पत्रांचं पान काही दिवस बंद ठेवावं. पण मनातल्या मनातही मी ते वाक्य पुरं केलं नाही. मला माझीच लाज वाटली.

चौतिसाव्या अंकाच्या मुखपृष्ठावर महिना होता मार्च १९६८. पत्र ओक्लाहोमातल्या टल्सा गावच्या एका मुलीचं. पहिल्या तीन ओळींत खलनायकाच्या मुखवट्याची चर्चा. मग लॉइड वाचू लागला: 'स्केटिंगच्या बर्फावर हिरवा मफलर घातलेला एक मुलगा माझ्या अंगावर येऊन आदळला आणि सॉरी म्हणायच्या ऐवजी त्याने मला माझाच पत्ता म्हणून दाखवला, झिप कोडसकट...'

ही लॉइड आणि आर्डिसची पहिली भेट होती. तो नुकताच पोस्टात लागला होता आणि तिच्या घरी टपाल टाकायचा. लग्नात, मुलीच्या बाप्तिस्म्यात आणि शेवटी आर्डिसच्या अंत्यविधीतही हीच गोष्ट त्याने सांगितली होती. भेट झाली १९७४ साली. अंक त्याच्या सहा वर्षं आधीचा.

"लॉइड, थांब," मी म्हणालो.

त्याने हाताने मला गप्प केलं आणि शेवटपर्यंत वाचलं. पत्ताही वाचला. मग माझ्याकडे उत्तरासाठी पाहू लागला. मी काय बोललो ते रेकॉर्डिंगवर आहे, त्यात अर्थ काही नाही.

पुढच्या गुरुवारी मी त्याला विचारलं, "आर्डिस तुला कुठे भेटली?"

"कुठे म्हणजे," तो म्हणाला, "ती... होतीच ना. आधीपासून." त्याचे डोळे भरून आले होते आणि का भरून आले ते त्यालाच कळत नव्हतं. मला ते पाहवलं नाही.

मी बोलिंग ग्रीनच्या विद्यापीठात गेलो. तिथल्या ग्रंथालयात अशी कॉमिक्स जपून ठेवलेली आहेत. पेन बाहेर ठेवायला लावतात, पेन्सिल चालते. चौतिसावा अंक मागवला आणि बरोबर नेलेल्या भिंगातून पत्रांचं पान तपासलं. शब्द न् शब्द तोच. शाई कागदात मुरलेली, मागच्या पानावर उमटलेली, अक्षरांच्या कडा झिजलेल्या. खोटं चिकटवलेलं असतं तर मी दहा फुटांवरून ओळखलं असतं. मी भिंग पुसून पुन्हा पाहिलं. मग तिथल्या बाईंचे आभार मानून बाहेर आलो आणि गाडीत बराच वेळ चावी न फिरवता बसून राहिलो.

पस्तिसाव्या अंकाने मला आणखी एक गोष्ट शिकवली. आमच्या प्रतीतलं पत्रांचं पान कापलेलं होतं. मागच्या बाजूला हाडं दिसणाऱ्या चष्म्याची जाहिरात असायची आणि तिचं कूपन कापून पाठवायच्या नादात पोरांनी असे हजारो अंक लुळे केले आहेत. पत्र वाचलं गेलं नाही. लॉइड तासभर चरफडला, "गाढवाच्या कात्रीला गंज चढो!" पण तो आठवडा त्याच्या डोक्यातून काही गेलं नाही. मी रोज फोन करून खुंटी हलवून पाहिली. सगळं जागच्या जागी.

राहिला होता छत्तिसावा. शेवटचा.

तो लॉइडने कधी वाचलाच नव्हता. लहानपणी आमच्या भागातल्या दुकानात तो अंक आलाच नाही. निवृत्तीच्या दिवशी पोस्टातल्या मित्रांनी वर्गणी काढून त्याला एक प्रत दिली, पण ती कडक पारदर्शक पेटीत कायमची बंद केलेली, वर प्रतीच्या अवस्थेला दिलेल्या गुणांची चिठ्ठी. संग्रहाच्या दुनियेत अशी पेटी फोडणं म्हणजे पाप. अठरा वर्षं लॉइडने ते पाप केलं नव्हतं.

"हा अंक नको करूया," मी फोनवर म्हणालो.

"का?"

"पेटी फोडावी लागेल."

"मग फोडू. एमरी, ऐक. सोमवारी डॉक्टर आहेत. जोलीन सांगत नाही, पण मला काय कळत नाही? माझ्या डोक्याला भोकं पडतायत. सकाळी ब्रश हातात घेतो आणि बघत बसतो. पण बेलरिंगरचं पान उघडलं की सगळं लख्ख असतं रे. छत्तीसपैकी पस्तीस वाचून मरणारा माणूस मला व्हायचं नाहीये."

यावर कुठला चाहता नाही म्हणेल? खोकं पुरं करणं हाच आमचा रोग. एक अंक राहिला म्हणजे बाकीचे पस्तीस असून नसल्यासारखे. मीही हो म्हणालो. चूक ती तिथे झाली.

गुरुवारी चार वाजता तो आला. टपालाचं वाक्य म्हणाला. मी स्क्रूड्रायव्हरने पेटीची कड उचकटली, प्लास्टिक कट्कन तुटलं, आणि पंचावन्न वर्षं कोंडलेला वास बाहेर आला. लॉइडने डोळे मिटून तो ओढून घेतला. मग हात धुवायला वर गेला. असा अंक तो कोरड्या स्वच्छ हातांनीच धरायचा.

मी पत्रांचं पान उघडलं.

दोन पत्रं होती. वरचं लांब. मेन राज्यातल्या बँगरचा पत्ता. मधोमध हे: 'मागच्या पायरीवर बसून जोलीनने दोन बोटं तोंडात घालून पहिली शिट्टी वाजवली, तेव्हा तिचा पुढचा दात नुकताच पडला होता, आणि मला वाटलं, बस, यापुढे देवाकडे काही मागायचं नाही.'

खालचं पत्र चार ओळींचं.

लॉइडची पावलं जिन्यावर वाजली. मी पान मिटलं.

दीड तास आम्ही अंकावर बोललो. इतका तल्लख लॉइड मी वर्षभरात पाहिला नव्हता. शेवटच्या पानावर बेलरिंगर धुक्यात निघून जातो, तिथे त्याने टाळी वाजवली. मग चष्मा पुसला आणि हात पुढे केला. "आण. पत्र."

इथून पुढचं मी रेकॉर्डिंगवरून सांगतो.

"आज मी वाचतो," मी म्हणतो. "तू संपादक हो."

"ही कुठली नवी थेरं?"

"शेवटचा अंक आहे. बदल म्हणून." मग मी एक पत्र जुळवून म्हणायला लागतो. घंटेच्या आवाजाबद्दल काहीबाही. शेवटी नाव सांगून थांबतो.

"पत्ता?" लॉइड विचारतो.

"चारशे बारा, चेरी स्ट्रीट, ईरी, पेनसिल्व्हेनिया. झिप कोड चार चार..."

"ईरीचा झिप कोड एक सहा पाचने सुरू होतो." त्याचा आवाज थंड आहे. "एकतीस वर्षं झक मारली का मी? तू मनचं वाचतोयस, एमरी. काय लपवतोयस? मागच्या वेळी पान कापलेलं होतं, मी सोडून दिलं. आज नाही. दे इकडे."

"लॉइड, ऐक."

"दे!"

कागद ओढल्याचा आवाज. खुर्ची सरकल्याचा आवाज. मग माझा आवाज, घाईत, "थांब! वाचतो. छापलेलं वाचतो. खालचं वाचतो."

आणि मग शांतता. मी घड्याळ लावून मोजली. एक्केचाळीस सेकंद. पंपही बंद आहे. श्वास ऐकू येतो.

"एमरी?" लॉइड विचारतो. "अरे, रडतोयस की काय?"

"नाही रे."

"मग वाच ना, बाबा."

आणि मी वाचतो.

'संपादक महाशय, बेलरिंगरची घंटा इतकी जड आहे तर तिची दोरी तुटत कशी नाही? मी हे इलोनाला विचारलं. ती बटाटे सोलत गुणगुणत होती, नेहमीसारखी तिसऱ्या ओळीला चुकली आणि म्हणाली, ज्याला जे उचलायचंय ते पेलतं.' खाली स्पोकेन गावच्या कुणाचं नाव आणि पूर्ण पत्ता.

मी तो पत्ता स्पष्ट वाचला. बरं पत्र होतं. साधं. त्याच्यापायी मी एक्केचाळीस सेकंद का थांबलो असेन, हे मी पुष्कळदा ऐकून पाहिलं. मला सांगता येत नाही.

लॉइड नुसता माझ्याकडे बघत असावा. मग रेकॉर्डिंग संपतं.

सोमवारचं आधी सांगून टाकतो. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा लॉइडने मुलीचं नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली आणि त्या खोलीतच दोन बोटं तोंडात घालून ती शिट्टी कशी वाजवायची तेही करून दाखवलं. आणखी वर्षभर घरी राहू द्या, असं ठरलं. जोलीन फोनवर ओक्साबोक्शी रडली. मला फार बरं वाटलं. अजूनही वाटतं.

पण गुरुवारचं थोडं राहिलंय.

मी यंत्र बंद केलं. अंक पिशवीत घातला. लॉइड अजून तसाच बसून होता, पांढराफटक.

"एमरी," तो हळूच म्हणाला, "त्या पत्रातली इलोना..."

"चांगलं नाव आहे," मी म्हणालो. "आमच्याच हंगेरियन लोकांतलं. स्पोकेनला कुठून पोचलं?"

त्याने तोंडावर हात ठेवला.

तेवढ्यात तळघराचं दार उघडलं आणि एक बाई जिना उतरून खाली आली. साठीपासष्टीची, ॲप्रन बांधलेली, हातात ताटली. ती मंद गुणगुणत होती. तिने ताटली माझ्यासमोर ठेवली आणि माझ्या खांद्यावरचा कसलासा धागा उचलून टाकला.

मी उठून उभा राहिलो. अनोळखी बाईसमोर बसून राहू नये, एवढं वळण मला आहे.

"थँक यू," मी म्हणालो. "आपण लॉइडच्या कोण?"

आधी ती हसली.